घर, इसार आणि इमान

घर बदलायचे म्हणजे दोन सौदे करायचे, एक विकण्याचा आणि एक घेण्याचा. यातला कोणता आधी करावा, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. जाणकार सांगतात, आधी विका, पैसा हातात येऊ द्या, मग शोधा. मन म्हणते, तोवर ते घर दुसऱ्याचे होईल. २०२३ साली आम्ही दोघांनी मनाचे ऐकले. त्यातून जे घडले त्यात आमची शोभा नाही, म्हणून ते लिहावे की नाही यावर घरात बराच वाद झाला. पण या व्यवहारात इमानाचा एक प्रश्न दडलेला आहे आणि त्याविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही. म्हणून लिहीत आहोत.

आमचा फ्लॅट चिपळुणात, तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या खोल्यांत ते छातीएवढे चढले होते. त्या पुराविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, त्यात भर घालत नाही. पाणी उतरले, चिखल उपसला, भिंती सुकायला कित्येक महिने गेले, मग रंग दिला. पण पुढच्या पावसाळ्यात रात्री पावसाचा जोर वाढला की आम्ही उठून दिवा लावायचो आणि उंबऱ्याकडे पाहत बसायचो. २००५च्या जुलैतही शहरात पाणी आले होते, हे फ्लॅट घेताना आम्हांला माहीत होते. माहीत असूनही घेतला, कारण तेवढाच परवडत होता.

अशा मनःस्थितीत दाभोळ खाडीकडच्या एका गावी लग्नाला गेलो आणि ते घर दिसले. जांभ्या चिऱ्याचे, चांगले उंच जोते, पाच पायऱ्या चढून पडवी, मग ओटी, माजघर, मागे परसात विहीर आणि दोन फणस. छपरावर मंगळुरी कौले. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली या कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ती समुद्रमार्गे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. पडवीचे खांब सागवानी. घर बांधणारा आगबोटीवर सारंग होता आणि हे लाकूड रंगूनचे, असे घरातले सांगतात. कोकणातल्या आपल्या लोकांच्या कितीतरी जुन्या घरांची हीच कथा आहे. समुद्रावरचा पैसा आणि गावचा चिरा. १९७० नंतर आखाताचा पैसा आला, स्लॅबचे बंगले उठले आणि ही घरे कुलपात गेली. बंद घराला वाळवी लवकर गाठते. मग खांब आणि दरवाजे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जातात, चिरा कुंपणाला लागतो.

हे घर मात्र सरळ उभे होते. उतारावर, खाडीपासून बरेच वर. आमच्या खोल्यांत शिरलेली वाशिष्ठी पुढे याच खाडीतून दाभोळला समुद्राला मिळते. पण जुन्या माणसांनी घर बांधताना तिला खाली सोडले होते. त्या दिवशी पडवीत बसून चहा पिताना आमच्यापैकी एकाने हळूच म्हटले, "इथे पावसाचा आवाज चांगला वाटेल." तिथेच आमचा तोल गेला.

घराचे मालक सत्तरीतले. सगळे गाव त्यांना चाचा म्हणते, आम्हीही म्हणू लागलो. मुंबईला मुलाकडे जायचे त्यांनी ठरवले होते. भाव ठरला. शेवटी त्यांनी विचारले, "पैशांचं काय, मास्तर?" आम्ही म्हणालो, "पैसे तयारच समजा चाचा, फ्लॅटचा व्यवहार तेवढा व्हायचाय."

या वाक्यावर आम्ही नंतर खूप विचार केला. व्यवहार 'व्हायचाय' म्हणजे काय? आमच्याकडे एकही गिऱ्हाईक नव्हते. दलालाला सांगून आठवडाही झाला नव्हता. वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही ते खरे नव्हते. साठेखत झाले, दोन लाख इसार दिला, मुदत चार महिन्यांची, ३१ मेपर्यंत. आपल्याकडे कोणी विसार म्हणतो, कोणी बयाणा. फिकहच्या किताबांत त्याला अरबूत 'उरबून' म्हटले आहे.

मधल्या काळासाठी बँकेचे कर्ज काढा, असेही एकाने सुचवले. व्याजाविषयी उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही, कारण आहे त्या फ्लॅटवरच हप्ता चालू होता. दोन हप्ते पगारात बसत नव्हते, एवढेच कारण होते. त्याला तकव्याचे नाव देणे बरे नव्हे.

आता, हातात पैसा नसताना घर घेण्याचा शब्द देणे हेच मुळात चूक आहे का? आमच्या मते नाही. आयकराचा नियमसुद्धा जुने घर विकण्याआधी एक वर्षापर्यंत घेतलेले नवे घर सवलतीसाठी मान्य करतो, म्हणजे जगाची ही रीत सरकारलाही ठाऊक आहे. इब्ने माजा यांच्या संग्रहात अशा अर्थाची हदीस आहे की घर विकून त्याचे मोल दुसऱ्या घरात घातले नाही तर त्या पैशात बरकत राहत नाही. घरातून घर व्हावे, हा विचार आपल्या परंपरेत आहेच.

आणि हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला तो प्रसिद्ध सौदा आहे. मक्केत कैदखान्यासाठी नाफे बिन अब्दुल हारिस यांनी सफवान बिन उमय्या यांचे घर घेतले. निर्णय उमर (रजि.) यांचा होता आणि ते मदिनेत होते. म्हणून अट अशी घातली की उमर राजी झाले तर सौदा पक्का, नाही झाले तर सफवानला चारशे मिळतील. इमाम अहमद बिन हंबल इसार जायज मानतात तो याच आधारावर. बाकीचे तीन इमाम मानत नाहीत, कारण सौदा मोडला तर घेणाऱ्याचा पैसा कशाच्याही बदल्यात न जाता देणाऱ्याकडे राहतो. तो वाद उलेमांचा. आम्हांला या गोष्टीत वेगळेच दिसते. नाफे यांच्या हातातही शेवटचा शब्द नव्हता. पण जे अनिश्चित होते ते त्यांनी अनिश्चित म्हणूनच समोर ठेवले आणि त्याची किंमतही आधीच ठरवली. सफवान यांना आपण कशावर भरवसा ठेवतो आहोत हे माहीत होते. आमच्या चाचांना ते माहीत नव्हते.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. गिऱ्हाईक येईना. एक तर पुरानंतर नदीच्या निळ्या आणि लाल रेषांची चर्चा गावभर झाली होती. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. या रेषांच्या आतले घर म्हटले की माणूस पुढे बोलत नाही. दुसरे म्हणजे आपल्या मोहल्ल्यातले घर आपलाच माणूस घेतो. बाहेरचा इथे येत नाही, आणि आपल्याला बाहेर घर सहज मिळत नाही. गिऱ्हाईकच मोजके.

घाई माणसाला कशी बदलते ते आम्ही त्या दिवसांत पाहिले. ज्या घरात मुले वाढली ते घर आम्ही दलालाच्या नजरेने पाहू लागलो. मुलांना भिंतीला हात लावू देईनासे झालो. आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. चाचांना एक बहीण आहे. तिची हक्कसोडीवर सही आहे, असे साठेखताच्या वेळी कळले. तिचा वाटा तिला मिळाला का, की भावाच्या प्रेमाखातर तिच्याकडून सही घेतली, हे आम्ही विचारलेच नाही. वर्गात वारशाच्या हक्काविषयी मुलींना तळमळीने सांगणारे आम्हीच. विचारले असते तर कदाचित दोन महिने वाढले असते, म्हणून विचारले नाही.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत एक तरुण आला. कुवेतहून सुट्टीवर आलेला, मुलांच्या शाळेसाठी शहरात घर बघत होता. फ्लॅट त्याला आवडला. त्याने विचारले, "सर, पाणी इथे किती आलं होतं?" आम्ही तोंड उघडायच्या आत दलाल म्हणाला, "पायऱ्यांपर्यंत. बघा ना, भिंती कशा कोरड्या आहेत." आम्ही गप्प राहिलो. रोजा होता, तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, आणि आम्ही असे गप्प बसलो. तो म्हणाला, ईदनंतर टोकन देतो.

भिंती कोरड्या होत्या हे खरेच. फक्त स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या आत रंग दिलेला नव्हता. तिथे मागच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ तशीच होती. डबे लावले की ती दिसत नाही.

त्या रात्री आम्ही दोघे झोपलो नाही. एकाचे म्हणणे, आम्ही खोटे बोललो नाही, दलाल बोलला. आणि पुराची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, घेणाऱ्याने चौकशी करावी. दुसऱ्याचे म्हणणे, आपण पाण्यापासून पळतो आहोत आणि तेच पाणी या पोराला विकतो आहोत. त्याचीही मुले लहान आहेत. यावर पहिल्याने विचारले, "आणि चाचांना दिलेला शब्द? तोही इमानाचाच आहे ना?" हा प्रश्न खोटा नव्हता. एका माणसाला दिलेला शब्द पाळायचा तर दुसऱ्यापासून काही लपवावे लागत होते. पण हा पेच आम्ही स्वतःच तयार केला होता. ज्या दिवशी 'तयारच समजा' म्हटले त्या दिवशीच त्याची सुरुवात झाली होती.

धान्याच्या ढिगाची हदीस आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो. पैगंबर (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. धान्यवाला म्हणाला, पाऊस पडला. तेव्हा त्यांनी विचारले की मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. जो फसवतो तो माझ्यातला नाही, असे ते म्हणाले. वर्गात आम्ही शेवटच्या वाक्यावर जोर द्यायचो. त्या रात्री मधला तपशील ध्यानात आला. पाऊस अल्लाहचा होता, धान्यवाल्याचा त्यात दोष नव्हता. भिजल्याबद्दल त्याला कोणी बोलले नाही. प्रश्न विचारला गेला तो कोरडे वर ठेवल्याबद्दल. आमच्या पुराचेही तेच. रंगाच्या डब्याचे मात्र तसे नव्हते.

देशाचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे, घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याने तो सांगितलाच पाहिजे. डब्यांमागची रेघ याहून वेगळी काय असते?

सहेरीनंतर त्याला फोन केला. तो दुपारी बायकोला घेऊन आला. आम्ही डबे काढले आणि फडताळ दाखवले. त्याने रेघेला बोट लावून पाहिले, मग स्वतःच्या छातीशी हात नेऊन उंची मोजली. त्याच्या बायकोने आमच्याकडे पाहिले, त्या नजरेत राग नव्हता, पण आम्हांला वर बघवले नाही. त्याने शुक्रिया म्हटले. पुढे त्याने दुसरीकडे, वरच्या मजल्यावर घर घेतल्याचे कळले. दलाल आठवडाभर आमच्याशी बोलला नाही.

३१ मे उलटून गेला. चाचांकडे गेलो आणि या वेळी सगळे सांगितले, अगदी पहिल्या दिवशी गिऱ्हाईक नव्हते इथपासून. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुसरा एक जण होता. रोख देणार होता. तुमच्या शब्दावर त्याला परत पाठवला." त्यांनी दीड लाख परत दिले, पन्नास हजार ठेवून घेतले.

परत येताना एसटीत आमच्यापैकी एकाने विषय काढला की आपण कोकणातले लोक बहुतेक शाफई, आपल्या मजहबात इसार ठेवून घेणे जायज नाही, तेव्हा ते पन्नास हजार मागता येतील. एका जाणत्या मौलानांना विचारले. त्यांनी मसला आमच्या बाजूचाच सांगितला. मग म्हणाले, "मागा जरूर. पण मागताना पहिल्या दिवशी त्यांना काय म्हणाला होतात, तेही पुन्हा एकदा म्हणून दाखवा." आम्ही मागितले नाहीत. यात मोठेपणा काही नाही, ते वाक्य पुन्हा म्हणायची हिंमत नव्हती.

आमच्या खरे बोलण्याने कोणाचे भले झाले, असा दावा आम्ही करणार नाही. ते घर पुढे ज्याने घेतले त्याला जागा हवी होती. वर्षभरात कौले उतरली, खांब टेम्पोत भरून गेले. आम्ही त्या तरुणाला फोन केला नसता तर ते घर कदाचित आज उभे असते आणि पडवीत आम्ही पावसाचा आवाज ऐकत असतो. हा विचार अधूनमधून येतोच. चाचांच्या बहिणीला काय मिळाले ते मात्र अजूनही आम्ही विचारलेले नाही.

फ्लॅट विकला गेलेला नाही. कधीतरी दलाल नवे गिऱ्हाईक घेऊन येतो आणि दारातच कपाळाला हात लावतो, कारण त्याला ठाऊक असते की चहा ठेवण्याआधी आम्ही डबे खाली काढणार आहोत.