मत्सराचा हात

विजयदुर्गाच्या खाडीत १२ फेब्रुवारी १७५६ रोजी तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. समुद्रावर वॉटसन आणि क्लाइव्ह यांचा इंग्रजी काफिला होता, जमिनीवर रामाजी महादेव यांच्या हुकमतीखालची पेशव्यांची फौज. एका जहाजावर पडलेल्या गोळ्याने लागलेली आग जवळजवळ नांगरलेल्या इतर जहाजांवर पसरली आणि काही तासांत अर्धशतकाची आरमारी उभारणी संपली. ही घटना का घडली असे विचारले, तर मराठी वाचकाच्या ओठांवर दोन शब्द आपोआप येतात : भाऊबंदकी आणि मत्सर. या उत्तराच्या खरेखोटेपणाचा निवाडा इतिहाससंशोधकांनी करावा. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्याच्या घाटाविषयी कुतूहल वाटते, कारण हा घाट नाटकाचा आहे. एका मनातला विकार, त्यातून झालेला विनाश आणि पडदा. मत्सर संहारक असतो असे आपण ज्या नाटकांच्या आधारे म्हणतो, ती नाटके खरोखर तसे सांगतात काय?

आपली काव्यशास्त्रीय परंपरा तसे सांगत नाही. भरताने असूयेची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली आहे. दुसऱ्याचे ऐश्वर्य, सौभाग्य, बुद्धी वा विद्या पाहून ती उपजते, स्थायी भावाच्या प्रवाहावर क्षणभर तरंग उमटवते आणि विरते. मम्मटाने ईर्ष्येला विप्रलंभ शृंगाराच्या कारणांत जागा दिली. म्हणजे प्रेमाला धार आणणारी ती एक अवस्था. 'मालविकाग्निमित्रा'त इरावती रागाच्या भरात राजावर कंबरपट्टा उगारते, धारिणी मालविकेला तळघरात कोंडते. विदूषक मुद्रेची युक्ती करून तिला सोडवतो आणि शेवटी धारिणीच मालविकेचा हात राजाच्या हाती देते. मत्सराचे येथे काहीच जळत नाही. एरवी याचे श्रेय संस्कृत नाटकाच्या सुखान्त संकेताला दिले जाते, आणि ते चूक नाही. पण दुसरी एक गोष्ट नजरेतून निसटते. येथे मत्सर करणाऱ्या स्त्रियांच्या हाती शेवटचा शब्द नाही. तो राजाचा आहे, आणि राजाला कोणाचाही मत्सर वाटण्याचे कारण नाही. असूया व्यभिचारी ठरते ती तिच्या अंगभूत चंचलतेमुळे की तिच्या धारकाच्या असहायतेमुळे, हा प्रश्न शास्त्रकारांनी विचारला नाही.

महाभारताने तो विचारला आहे. कुंतीला पुत्र झाल्याचे ऐकताच, दीर्घकाळ गर्भ वाहणारी गांधारी आपल्याच पोटावर आघात करते. आदिपर्वातील हा प्रसंग आपण कौरवांच्या जन्माची चमत्कारकथा म्हणून वाचतो आणि पुढे जातो. गांधारीला मत्सर झाला, पण प्रहार करायला तिच्याजवळ स्वतःच्या देहाखेरीज काही नव्हते. तिच्या मुलाजवळ ते आहे. सभापर्वात दुर्योधन पांडवांचे वैभव पाहून जळतो, आणि त्याच्यापाशी पित्याचे सिंहासन, शकुनीचे फासे व भरलेली सभा आहे. भाव तोच, किंबहुना आईचाच वारसा. फरक हाताचा.

दक्षिण कोकणातल्या जत्रांत रात्रभर रंगणाऱ्या दशावतारी नाटकात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठाऊक असते, बोलणे नटाचे असते. त्यामुळे मत्सरी पात्र रंगवणाऱ्या नटाला आपल्या मत्सराचे समर्थन स्वतःच्या शब्दांत उभे करावे लागते, आणि चांगला नट तेव्हा कधीही 'मला मत्सर वाटतो' असे म्हणत नाही. तो अन्यायाची भाषा बोलतो. महाभारतातला दुर्योधनही तेच करतो. असंतोष हेच राजश्रीचे मूळ, असा त्याचा युक्तिवाद आहे आणि तो राजनीतीच्या परिभाषेत अगदी निर्दोष दिसतो. (मयसभेत द्रौपदीने उच्चारले असे सर्वतोमुखी झालेले 'आंधळ्याचा मुलगा' हे वाक्य भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. पुरुषाच्या मत्सराला कारण म्हणून स्त्रीचा अपराध शोधून देण्याची लोकपरंपरेची ही तत्परता 'ध चा मा'च्या दंतकथेतही दिसते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

मराठी रंगभूमीचा या प्रश्नाशी थेट सामना झाला तो 'ऑथेल्लो'मुळे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी त्याचे भाषांतर १८६७ साली केले. गोविंद बल्लाळ देवलांचे 'झुंजारराव' १८९० सालचे. ज्या प्रेक्षकाची अभिरुची ईर्ष्येला शृंगाराची दासी मानण्यावर पोसली होती, त्याच्यासमोर देवलांनी ईर्ष्येला स्थायी भावाच्या आसनावर बसवले. आणि मग तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्याच देवलांनी 'तसबिरीचा घोटाळा' लिहिले. पुढे १९१६ मध्ये पदांसह 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आले ते हेच. एकाच नाटककाराने एकाच भावाचे विनाशक आणि हास्यकारक असे दोन्ही आविष्कार हाताळावेत, हा योग आपल्या समीक्षेने म्हणावा तितका गांभीर्याने घेतलेला नाही. 'झुंजारराव' शोकात्म आणि 'संशयकल्लोळ' प्रहसनात्म, एवढी खतावणी करून आपण थांबलो.

वस्तुतः फाल्गुनरावाचा संशय झुंजाररावाच्या संशयापेक्षा सौम्य नाही. तोही रात्रंदिवस पुरावे गोळा करतो. एका नाटकात रुमाल, दुसऱ्यात तसबीर. दोन्ही वस्तू निरपराध, दोन्ही चुकीच्या हाती सापडलेल्या. मग एकीकडे प्रेत आणि दुसरीकडे हशा का? माझ्या मते याची दोन कारणे संहितेतच आहेत. पहिले, फाल्गुनरावाचा संशय एकतर्फी नाही. कृत्तिकाही त्याच्यावर तितकाच संशय घेते आणि तो तोंडावर बोलून दाखवते. दोन संशयांची बरोबरी झाली की कोणालाच न्यायाधीश होता येत नाही. दुसरे, रेवतीच्या हातून तसबीर पडते हा अपघात आहे, तिच्यामागे कोणाची योजना नाही. भादव्या गोंधळात भर घालतो, पण त्याला कोणाचे घर मोडायचे नाही. याउलट सेनानायकाची पत्नी बोलते तेव्हा तिचे बोलणे आरोपीचा जबाब म्हणूनच ऐकले जाते. न्याय करणारा, शिक्षा ठरवणारा आणि ती अमलात आणणारा असे तिन्ही अधिकार एकाच माणसाकडे आहेत. त्याच्या निर्णयावर दाद मागायला जागा नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. 'ऑथेल्लो'त पहिला मत्सरी ऑथेल्लो नव्हे, इयागो आहे. पदोन्नती डावलला गेलेला हा दुय्यम अधिकारी सत्ताहीनच म्हणावा लागेल. मंथरेचीही गोष्ट तीच. परंतु या दोघांनी स्वतःच्या हाताने काय केले ते पाहावे. सत्ताहीनाचा मत्सर सत्तावानाचा हात उसना घेतो, तेव्हाच तो मोठा विध्वंस करू शकतो. मंथरेला कैकेयीचे दोन वर लागतात, इयागोला सेनापतीचा विश्वास. असा हात मिळाला नाही तर मत्सर गांधारीप्रमाणे आत वळतो, किंवा युरिपिडीसच्या मीडियाप्रमाणे, जेवढे आपल्या ताब्यात उरले आहे तेवढ्यावर, म्हणजे पोटच्या मुलांवर तुटून पडतो.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या भाषेतच दडलेला आहे. 'त्याला मत्सराने ग्रासले', 'संशयाने पछाडले', असे आपण म्हणतो. वाक्यात कर्तृत्व मत्सराकडे जाते आणि माणूस सोसणारा उरतो. षड्रिपूंची कल्पना हेच करते. रिपू म्हणजे शत्रू, आणि शत्रू बाहेरचा. संतांच्या साधनेत या रूपकाचे प्रयोजन वेगळे होते : शत्रू ओळखून त्याच्याशी झुंजण्याची जबाबदारी ते साधकावर टाकत. साधना गळून पडली आणि रूपक तेवढे उरले, की ते सबब बनते. समीक्षेत आपण 'मत्सर ही विनाशक शक्ती' असे लिहितो तेव्हा नकळत हीच सबब शैलीदारपणे मांडत असतो. हात उसना देणारा मोकळा सुटतो.

आता पुन्हा विजयदुर्गाकडे. कान्होजींच्या मृत्यूनंतर, १७२९ पासून, आंग्रे बंधूंत दुही माजली हे खरेच. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांनी मानाजींना कुलाबा व वजारतमाब हा किताब आणि संभाजींना सरखेली देऊन वाटणी केली. तंटा मिटवणारा आणि तंट्याचा लाभ घेणारा येथे एकच होता. संभाजींनंतर सरखेली तुळाजींकडे आली. त्यांनी पेशव्यांचे वर्चस्व मानले नाही, आणि १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या बाजूने मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. यात मत्सर किती आणि राज्यकारभाराची निकड किती, याचे प्रमाण ठरवणे अवघड आहे. दुर्योधनाचा मत्सरही राजनीतीच्याच भाषेत बोलत होता.

पण समजा, होता मत्सर. तरी त्याने फार तर बोलावणे कसे गेले एवढेच उलगडते, आग कशी लागली ते नाही. कंपनीला तुळाजींचा मत्सर वाटत नव्हता. आपली जहाजे आंग्र्यांच्या दस्तकाशिवाय बिनधास्त फिरावीत, हा तिचा सरळ हिशेब होता. नाटकातला उसना हात शेवटी भानावर येतो, पश्चात्ताप करतो, स्वतःवरच उलटतो. हा हात तसा नव्हता. किल्ला हाती आल्यावर इंग्रजांनी तो लगेच सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, बाणकोट आणि भोवतालची काही गावे कंपनीकडे राहिली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि कैदेतच वारले. या प्रकरणाला 'मत्सराची शोकांतिका' म्हणताना आपण नानासाहेबांवर कठोर टीका करतो आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्यांना झुंजाररावाची जागा बहाल करत असतो, म्हणजे ज्याला कोणीतरी फसवले आणि जो नंतर रडला त्याची. त्यांना कोणी फसवले नव्हते. करार वाचून, अटी घासाघीस करून ठरल्या होत्या.