ओल्या फेसवरचा चेंडू

हैदराबादच्या तारनाक्यावरून पहिली मेट्रो जायच्या आधीचा अर्धा तास माझा असतो. गच्चीवर चटईचा तुकडा, तीन पावलांवर बांधलेली जाळी आणि हातात गोल्फचा ५६ अंशांचा नवा वेज. चेंडू कुठवर गेला असता ते इथे कळत नाही. जाळीला तो किती उंचीवर लागतो ते मात्र दिसतं, आणि फिरकीची निम्मी गोष्ट तिथेच कळते.

आज पाच चेंडू कोरडे मारले. सगळे छातीच्या उंचीला लागले. मग वेजचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, आणि चेंडू ओले करून पाच मारले, तर ते डोक्याच्याही वर! फेसची पकड सुटली की चेंडू फेसवरून वर घसरत निघतो. उंच उडतो, पण फिरत कमी. मैदानावर असा चेंडू हिरवळीवर पडून थांबत नाही, पुढे पळत राहतो. मला वर्षानुवर्षं वाटायचं की फेसवरच्या खाचा चेंडूला धरतात. त्यांचं खरं काम टायरच्या नक्षीसारखं, पाणी आणि गवताचा रस बाजूला सारण्याचं. लांब गवतातूनही व्यावसायिक खेळाडूंना फार फिरकी मिळू लागली, म्हणून २०१० पासून या खाचांच्या आकारावर आणि त्यांच्या कडांच्या धारेवर नियमाने बंधन आलं.

खाली शेजारच्या अम्मा सडा घालून मुग्गू काढत होत्या. त्यांची रांगोळी ओल्या जमिनीला घट्ट धरते आणि माझा चेंडू ओल्या फेसवरून निसटतो. थोडा वेळ कठड्याशी नुसता पाहत उभा राहिलो.

फिरकी निदान मोजता येते. ‘हाताला कसं लागलं’ याचं काय? चेंडू फेसला चिकटलेला असतो तो सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. मुठीतली थरथर मनाला कळते तोवर तो केव्हाच निघून गेलेला असतो. त्यात आवाजही मिसळतो. ठोका मऊ ऐकू आला की हातालाही मऊ वाटतं. म्हणजे हात झालेल्या फटक्याची साक्ष देतो, फटका सुधारू शकत नाही. तरीही मी त्या साक्षीला फार मान देतो. अर्ध्या, पाऊण फटक्यांचं माप कुठल्या तक्त्यातून हातात उतरत नाही. अशा हजारो साक्षी साठल्या की ते येतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फपटू अदिती अशोक लांब मारणाऱ्यांत मागे होती, पण हिरवळीवरच्या आणि तिच्या आसपासच्या खेळावर चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. तिच्या हातांनी किती सकाळी साठवल्या असतील!

चटईवर सगळेच वेज गुणी वाटतात. म्हणून रविवारी जुना आणि नवा, दोन्ही घेऊन गोवळकोंड्याला, नया किल्ल्यातल्या कोर्सवर जायचं आहे. ऊन चढायच्या आत, गवतावर दव असताना. फेस पुसायचा फडका मात्र गाडीतच ठेवणार.