न घडलेल्या अपघाताचा दोष

ज्या हयगयीपासून कोणाचेही नुकसान झाले नाही ती हयगय दोषास्पद मानावी की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून बहुधा युद्ध, राज्यकारभार, न्यायदान अशा भारदस्त उदाहरणांनी मांडला जातो. आम्हांस तो जुन्या मोटारीच्या चाकात अधिक स्वच्छ दिसतो. वाचकांस हे थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु ब्रेक ही वस्तूच अशी आहे की, तिची हेळसांड वर्षानुवर्षे करावी आणि काहीही होऊ नये, आणि मग एका क्षणी सारे होऊन जावे.

पुण्याहून नाशिककडे निघालेला रस्ता राजगुरुनगर मागे टाकून घाट चढतो, पेठेजवळचा उंच भाग ओलांडतो आणि अवसरीच्या घाटाने मंचरकडे उतरतो. सह्याद्रीच्या नावाजलेल्या घाटांपुढे हा घाट किरकोळच; अपरिचित मनुष्यास तर तो घाट आहे हे सांगावे लागेल. मंचरच्या आसपासच्या अवसरी बुद्रुकसारख्या गावांतील लोकांचे जाणेयेणे या रस्त्याशी निगडित आहे. हंगामात उसाचे ट्रॅक्टर, कांद्याचे टेंपो, मोटारसायकली आणि शाळेची पोरे असा सर्व प्रपंच येथील रस्त्यांवर असतो. अशा गावी कांद्याच्या बराखीच्या आडोशाला, ताडपत्रीखाली, वडिलांच्या वेळची एखादी पद्मिनी उभी असावी आणि मुलाने ती हौसेने पुन्हा चालती करावी, यात काहीच नवल नाही. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये निघालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बांधली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईत तिची टॅक्सी म्हणून सेवा २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. आता ती प्रेमाने जतन करण्याची वस्तू झाली आहे, आणि आमचा प्रश्न नेमका तेथूनच सुरू होतो.

त्या गाडीच्या चारही चाकांना ड्रमब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा ड्रम, त्याच्या पोटात अर्धचंद्राकृती दोन शू, शूंवर लायनर, आणि पेडल दाबताच तेलाच्या दाबाने ते शू बाहेर सरून ड्रमला भिडावेत, एवढीच रचना. लायनर झिजतो तसतसे शू आणि ड्रम यांतील अंतर वाढते. आजच्या बहुतेक गाड्यांत ते आपोआप भरून निघते. जुन्या गाडीत मनुष्याला ते हाताने भरावे लागते. बाकीच्या चाकांना दगड लावायचे, गाडी जॅकवर उचलून भक्कम घोडीवर टेकवायची, मागचे चाक असल्यास हँडब्रेक सोडायचा आणि पान्याने अ‍ॅडजस्टर फिरवीत जायचे, ते चाक अडेपर्यंत. मग पेडल दोनचारदा दाबून शू जागेवर बसू द्यायचे, आणि अ‍ॅडजस्टर किंचित मागे घ्यायचा, इतका की चाक हाताने मोकळे फिरावे. फार घट्ट ठेवले तर ड्रम तापतो, फार सैल ठेवले तर पाय खोल जातो, आणि डाव्याउजव्यात फरक राहिला तर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढते. लायनर रिव्हेटांपर्यंत झिजला आहे काय आणि व्हील सिलिंडरच्या रबराआड तेल पाझरते आहे काय, हे मात्र ड्रम उतरविल्यावाचून कळत नाही. शिवाय ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. लांब उतारावर ते तापले की त्यातील पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल पोकळ लागते. त्यातच उष्णतेने ड्रम फुगून शूंपासून दूर सरतो. म्हणजे गरज जितकी मोठी, तितका हा ब्रेक दुबळा. म्हणून जाणते लोक उतारावर खालचा गिअर टाकतात आणि ब्रेकला विसावा देतात.

या वर्णनातील एक गोष्ट आम्हांस यंत्रशास्त्रापेक्षा नीतिशास्त्राची वाटते. ब्रेकची झीज एकाएकी होत नाही. आज पेडल काल होते त्याहून केसभर खाली जाते, आणि पाय तेवढे केसभर अधिक दाबावयास शिकतो. महिन्यांमागून महिने लोटतात. यंत्र बिघडत जाते आणि मनुष्य त्या बिघाडाला सरावत जातो. त्यामुळे ज्याला ते सर्वांत आधी कळावयास हवे त्यालाच ते सर्वांत शेवटी कळते. परका माणूस चाकावर बसला तर पहिल्याच वळणावर दचकतो. मालक हसून म्हणतो, “हिची सवय व्हावी लागते.”

आता दोन मालक कल्पावे. दोघांच्या गाड्या सारख्या, दोघांनी दोन वर्षे ड्रम उघडून पाहिलेला नाही, दोघे एकाच संध्याकाळी अवसरीचा घाट उतरतात. एकासमोर रस्ता मोकळा. दुसऱ्यासमोर एक मूल धावत येते आणि ब्रेक पुरा पडत नाही. पहिला घरी जाऊन जेवतो. दुसऱ्यास लोक अपराधी म्हणतात आणि तो स्वतःही तसेच म्हणतो. वस्तुतः दोघांनी केलेले, किंवा न केलेले, अगदी एकच होते. टॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने १९७९ साली ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या एका निबंधात हाच पेच मांडताना ब्रेक न तपासणाऱ्या चालकाचेच उदाहरण घेतले आहे. आपल्या हाती नसलेल्या गोष्टीवरून आपला दोष लहानमोठा ठरावा हे बुद्धीस पटत नाही, आणि तरीही आपण सारे तसेच ठरवीत असतो.

कायदाही याच कोड्यात अडकला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम सदोष वाहन रस्त्यावर आणण्याविषयीचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास दंड १५०० रुपयांपर्यंत. पण त्याच दोषामुळे अपघात होऊन कोणास इजा झाली अथवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोष तोच, मधला फरक मूल रस्त्यावर असण्या-नसण्याचा. मात्र या कलमातील एका अटीला आम्ही मोठी किंमत देतो. वाहनातील दोष चालकास ठाऊक असला पाहिजे, एवढेच ते म्हणत नाही. साधारण काळजी घेतली असती तर जो त्यास कळला असता, तोही दोष ते हिशेबात धरते. “मला माहीत नव्हते” या सबबीचे दार येथे बंद झाले.

नीतिशास्त्रातील थोर पक्ष या ठिकाणी थोडा अवघडतो. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्माची योग्यता बाह्य परिणामावरून न ठरविता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी असे प्रतिपादन केले, आणि त्याच्या पुष्टीसाठी कांटचा दाखला दिला. परिणामावर भिस्त ठेवणाऱ्यांच्या तुलनेत आम्हांस हा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, आणि त्याप्रमाणे आमचे दोन्ही मालक सारखेच दोषी ठरतात. परंतु त्यांची बुद्धी वाईट होती असे तरी कोठे म्हणता येते? त्यांच्या मनात कोणाचे अहित नव्हते. त्यांच्या मनात ब्रेकच नव्हता. दुष्ट हेतू शोधू जाता तेथे रिकामी जागा सापडते.

या रिकाम्या जागेला आपल्याकडे फार जुने नाव आहे: प्रमाद. आज आपण हा शब्द केवळ चूक या अर्थाने वापरून त्याची धार घालविली आहे. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण मनुष्याला ज्या तीन दोऱ्यांनी बांधतो त्यांत आळस व निद्रा यांच्याही आधी प्रमाद येतो. बौद्धांच्या धम्मपदाचा दुसरा वर्ग सर्वस्वी अप्रमादाला वाहिलेला आहे. अवसरीहून फार दूर जावयास नको. शेजारच्या जुन्नरच्या डोंगरांत ज्या भिक्षूंची लेणी आहेत त्यांच्या शिकवणीत जागृत राहणे हा शीलाचा पाया होता. या दृष्टीने पाहता आमच्या मालकाची बुद्धी वाईट नसली तरी गैरहजर होती, आणि ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे त्याची गैरहजेरी हा अपराधच होय. तो अपराध घाटात घडला नाही. रविवारी सकाळी गाडी पुसून, तिच्या क्रोमला चकाकी आणून, “चाके पुढच्या खेपेस उघडू” असे म्हणत ताडपत्री पुन्हा ओढली, तेव्हाच तो घडून चुकला.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मग मुलाच्या आईला काय सांगणार? दोघे सारखेच दोषी म्हणून, ज्याच्या गाडीखाली मूल आले त्याने सुखरूप घरी गेलेल्याकडे बोट दाखवावे काय? खचितच नाही. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज विचारवंताने दाखवून दिले आहे की, ज्याचा काडीइतकाही दोष नाही अशा चालकाच्या हातून मूल दगावले तरी त्यास जे वाटते ते बघ्याच्या हळहळीहून निराळे असते, आणि निराळे असावेही. आमच्या मते दोष आणि ऋण यांत भेद केला पाहिजे. दोष दोघांचा सारखा. ऋण एकट्या दुसऱ्याचे. ते त्याला जन्मभर फेडावे लागेल, आणि त्यातील आपला वाटा उचलण्यास पहिल्याला कोणी बोलावणार नाही. पण ऋण नाही एवढ्यावरून पहिल्याने आपणांस निर्दोष समजू नये.

हौसेच्या गाडीला ही गोष्ट अधिकच लागू पडते, असे आम्हांस वाटते. ज्याचे पोट वाहनावर आहे त्याची ओढाताण आम्ही समजू शकतो. खेप चुकली तर त्याच्या घरी चूल पेटत नाही. हौशी मालकाला ही सबब नाही. त्याच्या आनंदासाठी जो धोका उत्पन्न होतो तो बहुतांशी इतरांच्या अंगावर पडतो, आणि त्या इतरांना कोणी विचारलेले नसते. “तीस वर्षे काही झाले नाही” हे त्याचे आवडते वाक्य तर विचित्रच आहे. ज्या वर्षांत आपण पाहिलेच नाही त्या वर्षांची साक्ष तो काढतो.

शिवाय धोका केवळ रस्त्यावरच्यांना असतो असेही नव्हे. जुन्या लायनरमध्ये पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असे. ड्रम उतरविल्यावर त्यात साठलेली राखाडी भुकटी गॅरेजमधला पोरगा फुंकून, नाही तर हवेच्या नळीने उडवून देतो, कारण कामाची ती सर्वांत झटपट रीत आहे. त्या धुळीचे बारीक तंतू छातीत जाऊन बसतात आणि त्यांचे दुखणे वर येण्यास वीस-तीस वर्षेही लागतात. तोवर गाडी दुसऱ्याने विकत घेतलेली असते, गॅरेजच्या जागी गाळे उभे राहिलेले असतात, आणि पोरगा चाळिशी ओलांडून दुसऱ्याच गावी दम लागतो म्हणून डॉक्टरकडे बसलेला असतो. भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, तोंडाला चांगला मास्क बांधावा, नवे लायनर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित पाहून घ्यावेत. एवढे सांगण्यास मालकाला अर्धा मिनिट पुरते. तो बहुधा त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा घेत असतो.