आकडा स्थिर झाल्याशिवाय पावती नाही

नातेपुते,
श्रावणातला पहिला मंगळवार

चि. नातीस,


पालखीच्या गर्दीत तू दोन दिवस दुकानात बसलीस, तेव्हा मामाला म्हणालीस, "हा कॉम्प्युटर भंगारात द्या, सुरू व्हायला खूप वेळ लावतो." मी मागून विचारलं, "खूप म्हणजे किती?" तू हसून म्हणालीस, "खूप म्हणजे खूप, आप्पा." वारकऱ्यांचे मोबाइल चार्जिंगला लावायचे होते, तेव्हा वाद घालायला वेळ नव्हता. आता सवड आहे म्हणून लिहितो.

मी सत्तावीस गळीत हंगाम वजनकाट्यावर काढलेला माणूस आहे. ‘खूप’ हे वजन माझ्या कानाला लागत नाही. ट्रॅक्टरवाला येतो, म्हणतो आज खूप ऊस आहे. आपण म्हणायचं, चढव काट्यावर. भरलं वजन घ्यायचं, गाडी गव्हाणीवर रिकामी होऊन आली की खाली वजन घ्यायचं, वजाबाकी करायची आणि पावती द्यायची. तू गेल्यावर मी या कॉम्प्युटरला काट्यावर चढवलं. शंभरपानी वही घेतली, मोबाइलचं स्टॉपवॉच घेतलं, आणि रोज सकाळी शटर उघडल्यावर बटण दाबलं की घड्याळ सुरू.

पहिल्याच दिवशी अडलो. घड्याळ थांबवायचं कधी? कंपनीचं चिन्ह दिसलं तेव्हा? पासवर्ड मागितला तेव्हा? डेस्कटॉप आला, चित्रं उमटली, तेव्हा? चित्रं उमटल्यावर मी ब्राउझरवर क्लिक केलं तर बाण नुसता गोल फिरत राहिला. समोर उभ्या माणसाला सातबारा हवा असतो, त्याला डेस्कटॉपवरच्या चित्राचं काय? त्या दिवशी बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसायला दोन मिनिटांच्या आत वेळ लागला आणि पहिला कागद प्रिंटरमधून बाहेर पडायला पाच मिनिटं उलटून गेली. मग कॉम्प्युटर ‘सुरू’ कधी झाला?

काट्यावर याचं उत्तर ठरलेलं असायचं. गाडी चढली की समोरचा आकडा वरखाली नाचतो. ड्रायव्हरला घाई असते, "लिहा की साहेब." आकडा स्थिर झाल्याशिवाय पावती मारायची नाही, हा नियम. नवीन पोराला आधी हेच शिकवायचो.

तुला ऐकून गंमत वाटेल, मोठमोठ्या इंजिनिअरांनाही नेमका हाच नियम करावा लागला. २००८ साली इंटेलमधल्या आर्यन व्हान डे वेन आणि औके कॉक या दोघांनी एका परिषदेत ईई पीसी नावाचा छोटा, स्वस्त लॅपटॉप लिनक्सवर पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांची अट होती की प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही शांत झाल्यावरच सुरू झाला म्हणायचं. पडद्यावर चित्र आणायचं आणि मागे दळण चालू ठेवायचं, ही चलाखी चालणार नाही. दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. ‘आहे त्यातून थोडं थोडं कमी करू’ असं ते म्हणाले नाहीत. आधी पाच सेकंद ठरवले आणि घरखर्चासारखी वाटणी केली. कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला, एक, सुरुवातीच्या सेवांना एक, पडदा रंगवणाऱ्या भागाला एक आणि डेस्कटॉपला दोन. ज्याला आपल्या हिश्शात बसता येईना, त्याला दुरुस्त करायचं नाहीतर वगळायचं.

आपल्या दुकानातल्या विंडोजमध्येसुद्धा ही दोन भागांची नोंद आपोआप होते, हे मला या खटाटोपातच कळलं. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’. तिथे १०० क्रमांकाची नोंद शोधायची. तिच्यात डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ वेगळा, त्यानंतर यंत्र शांत होईपर्यंतचा वेगळा आणि दोन्हींची बेरीज वेगळी, सगळं मिलिसेकंदांत. म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच काटा क्लार्क ठेवून बसला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. माझं स्टॉपवॉच तरी मी बंद केलं नाही. बटण दाबल्यानंतर विंडोजला जाग येण्याआधीचा जो वेळ जातो, तो या बेरजेत नसतो. आणि सातबाऱ्याचा कागद बाहेर कधी पडला, ते तर त्याला ठाऊकच नसतं.

काट्यावर अजून एक खोड असायची. ड्रायव्हर भरल्या गाडीत बसून वजन देणार आणि खाली वजनाच्या वेळी हळूच उतरणार. एका माणसाचं वजन ऊस म्हणून खपतं. एकदा बसून तर दोन्ही वेळा बसून, असा माझा हुकूम. मोजणी एकाच रीतीची हवी. कॉम्प्युटरच्या बाबतीत हीच खोड ‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’मध्ये आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केलं तरी यंत्र पुरतं मोकळं होत नाही. आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण आतल्या कर्नलची स्थिती डिस्कवर उतरवून ठेवली जाते आणि सकाळी ती तशीच उचलून मेमरीत भरली जाते. याला ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणतात. ‘रीस्टार्ट’ केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून. एक दिवस हे मोजायचं, दुसऱ्या दिवशी ते, आणि दोन्ही एका रकान्यात मांडून सरासरी काढायची, म्हणजे ड्रायव्हर बसवून-उतरवून वजन घेण्यासारखंच.

सरासरीचं निघालंच आहे तर सांगतो. मी सरासरी काढत नाही. एखाद्या दिवशी अपडेट चालू होतं, दहा मिनिटं जातात, आणि तो एक दिवस सगळ्या आठवड्याची सरासरी फुगवतो. सात नोंदी चढत्या क्रमानं लावायच्या आणि मधली, म्हणजे चौथी, उचलायची. तुम्ही शाळेत त्याला मध्यक म्हणून शिकलात, परीक्षा झाली आणि विसरलात.

आकडे वहीत पडून होते तोवर काही बोलले नाहीत. मग तुझ्या जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीतला आलेखाचा कागद काढला, आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर सेकंद, आणि नोंदीगणिक एक ठिपका. चौदा-पंधरा ठिपके पडले आणि मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ठिपके विखुरलेले नव्हते. दोन स्वच्छ रांगा होत्या, एक खाली, एक बरीच वर, आणि मधे कोणी नाही. यंत्र म्हातारं झालं असतं तर ठिपके हळूहळू चढत गेले असते. इथे यंत्राला दोन वेगवेगळ्या सकाळी होत्या. मी वरच्या रांगेतल्या तारखा काढून मामाला विचारलं, आदल्या संध्याकाळी काय झालं होतं? दोन तारखांनंतर तोच म्हणाला, "अहो, त्या दिवशी लाइट गेली होती."

लाइट गेली की कॉम्प्युटर जागच्या जागी मरतो. कर्नलची स्थिती उतरवून ठेवायला सवड मिळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. पण मग यूपीएस कशासाठी घेतलाय? त्याची बॅटरी कधीच फुगून गेली होती. लाल दिवा लागायचा, आम्ही त्यावर सातबाऱ्याचे कोरे कागद ठेवायचो. भंगारात द्यायची वस्तू होती ती ही.

आता तू माझ्या घरच्या लॅपटॉपवर घालून दिलेल्या लिनक्सबद्दल. तिथे काम सोपं आहे. ‘सिस्टमडी-अनालाइझ’ एवढं टाइप केलं की एका ओळीत हिशेब येतो. फर्मवेअरला इतके सेकंद, लोडरला इतके, कर्नलला इतके, युजरस्पेसला इतके. त्यापुढे ‘ब्लेम’ लिहिलं की प्रत्येक सेवेनं किती वेळ घेतला त्याची यादी, सर्वांत मोठी वर. मी ते बघितलं आणि चूक करणार होतो. यादीत पहिलं नाव नेटवर्कची वाट बघत बसणाऱ्या सेवेचं होतं. म्हटलं, सापडला चोर.

पण तू यंदा तळावर समाजआरती पाहिलीस ना? संध्याकाळी माउलींची पालखी टेकते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चालू असतो, आणि चोपदार चोप वर करतो. एका क्षणात शांतता. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तीच तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मग आरती. वाजणारे टाळ कोणाचे ते लगेच कळतं. पण ते वाजवणारे दोषी असतात का? त्यांचं गाऱ्हाणं बहुधा दुसऱ्याच कुणापायी असतं. ‘ब्लेम’ची यादी म्हणजे हे टाळ आहेत. सेवा यादीत वर आहे, ती कदाचित स्वतः काहीच करत नव्हती, कुणाची तरी वाट बघत उभी होती.

शिवाय ती थांबली म्हणून इतर कोणी थांबलं का, हा प्रश्न वेगळाच. दिंडीचा सामानाचा ट्रक पहाटे पुढे निघतो, तळावर तंबू उभे राहतात, मोठ्या पातेल्यांत स्वयंपाक चढतो. त्याला चार तास लागले म्हणून वाट चालणारे अडत नाहीत. रथापुढच्या सत्तावीस दिंड्या मात्र क्रमानं चालतात, तिथे एक रेंगाळली की मागच्या सगळ्यांना पाय आवरावा लागतो. ही जी एकामागे एक अडकलेली साखळी, तीच ‘क्रिटिकल-चेन’ लिहिल्यावर दिसते. ‘@’ या खुणेपुढचा आकडा म्हणजे सेवा केव्हा तयार झाली, अधिकच्या खुणेपुढचा म्हणजे तिनं स्वतः किती वेळ घेतला. माझ्या लॅपटॉपच्या साखळीत ती नेटवर्कवाली सेवा नव्हतीच! ती स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये होती. तिला बंद केलं असतं तर एक सेकंदही वाचला नसता.

हे सगळं चित्रात बघायची युक्ती अशीच एका पैजेतून निघाली. २००४ साली रेड हॅटमधल्या ओवेन टेलरनं जाहीर आव्हान दिलं की यंत्र सुरू होताना काय काय चालतं ते एका चित्रात दाखवा. झिगा माहकोवेच या प्रोग्रॅमरनं थोड्याच दिवसांत ‘बूटचार्ट’ करून दिला. सेकंदाला पाचेक वेळा डोकावून प्रोसेसर किती राबतोय, डिस्क किती फिरतेय, कोणतं काम चालू आहे हे टिपायचं आणि शेवटी सगळं एका पानावर काढायचं. वर प्रोसेसर आणि डिस्कचे डोंगर, खाली प्रत्येक कामाची आडवी पट्टी. आता ‘सिस्टमडी-अनालाइझ प्लॉट’ लिहिलं की तशाच पट्ट्यांचं चित्र मिळतं. टिपणारा माणूसही गर्दीत थोडी जागा खातोच, म्हणजे बूटचार्टचं स्वतःचं वजनही काट्यावर पडतं. रोज पडत असेल तर हरकत नाही.

या चित्रात मी दोन आकार ओळखायला शिकलो. पट्ट्या जिन्यासारख्या उतरत असतील, एक संपली की दुसरी सुरू, तर कोणीतरी कुणासाठी तरी थांबतंय. जुन्या लिनक्सची रीतच तशी होती, क्रमांक लावून एकेक सेवा. २०१० साली सिस्टमडी आलं आणि जमेल तेवढं एकदम सुरू करायची पद्धत रुळली. मग दुसरा आकार दिसायला लागला. पट्ट्यांची भिंत. सगळे एकाच वेळी निघाले आणि सगळेच लांबले. अशा वेळी बूटचार्टमधला डिस्कचा डोंगर बघावा.

जुनी फिरती डिस्क म्हणजे एकच प्लॅटफॉर्म असलेला काटा. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद, आणि सुईला त्या पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ. एका सेकंदात अशा जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी उड्या. विसाजण एकदम मागायला लागले की सुई नुसती इकडून तिकडे पळते. एसएसडीत फिरायचं-सरकायचं काही नाही, तिथे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होतं. म्हणून तुम्ही पोरं सरळ म्हणता, एसएसडी घाला. घाला की, मीही घालणार आहे. पण आधी बॅटरी बदलली आणि पंधरा दिवस पुन्हा मोजलं. वरची रांग गायब झाली. आता एसएसडीनं खालच्या रांगेतून किती वाचतं ते वेगळं कळेल. दोन्ही एकदम केलं असतं तर कोणत्या पैशानं काय मिळालं हे मला जन्मात कळलं नसतं.

काल श्रावणी सोमवार म्हणून शिंगणापूरला गेलो होतो. दुकानात मामा. एरवी संध्याकाळी आरामात भरायची ती वही आज सकाळीच लगेच भरली, आणि आजचा ठिपका दोन्ही रांगांच्या मधोमध एकटाच बसलेला. मामाला विचारलं, काल लाइट गेली होती का? नाही म्हणाला. काही नवीन घातलंस का? तेही नाही म्हणाला. मग मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. १०० च्या शेजारी आज १०१ क्रमांकाची नोंद आहे. सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव तिच्यात असतं. नाव एका पत्त्यांच्या गेमचं निघालं. मामाला मी ते अजून दाखवलेलं नाही. तू रविवारी फोन करशील तेव्हा तूच विचार, आणि स्पीकर चालू ठेव.

तुझा,
आप्पा