हाताची घडी, तोंडावर बोट

पहिलीत पाऊल टाकलेल्या मराठी मुलाला अक्षराच्या आधी एक आज्ञा शिकवली जाते: हाताची घडी, तोंडावर बोट. मीही ती पंचवीस वर्षं दिली, चांगल्या खणखणीत आवाजात दिली. पत्र्याच्या छपराखाली चाळीस पोरं कालवा करत असली की दुसरं काही सुचत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते, या आज्ञेपायी आपण काही मुलांवर अन्याय केला आणि त्याला शिस्त म्हणत राहिलो.

दुसरीतला एक मुलगा आठवतो. बाकावर टेकायचा म्हणून नाही. गुडघे मुडपून बसायचा, बाक डोलवायचा, कॉलर चावून चावून ओलीचिंब करायचा. मी त्याला उठाबशा काढायला लावायचे. वीस उठाबशा झाल्या की पठ्ठ्या निमूट बसून गणितं सोडवायचा. शिक्षा लागू पडली, असं मला वाटे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लागू पडत होती ती शिक्षा नव्हे, उठाबस होती, असं आज वाटतं.

आपण मुलांकडून पाच ज्ञानेंद्रियं पाठ करून घेतो. पण शरीराला आणखीही जाणिवा असतात. कानाच्या आतला भाग तोल सांगतो. स्नायू आणि सांधे हातपाय कुठे आहेत, किती जोर लागतोय ते सांगतात. या सगळ्या निरोपांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही तर मुलाला बसणं, लिहिणं, ऐकणं जड जातं, अशी मांडणी अमेरिकेतल्या व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ साली पुस्तकातून केली. काही मुलांना हे निरोप जणू कमीच पोचतात, म्हणून ती उड्या मारतात, आदळतात, चावतात. काहींच्या ते अंगावर येतात. त्याच वर्गात एक मुलगी होती. परिपाठाला भोंगा सुरू झाला की दोन्ही कान दाबून धरायची. गणवेशाच्या मानेवरची चिठ्ठी टोचते म्हणून दिवसभर मान खाजवायची. खिचडीतला वाटाणा जिभेला लागला की ताट बाजूला. आम्ही तिला ‘नखरेल’ म्हणायचो. त्या मुलाला ‘वळवळ्या’. नावं ठेवली की शोध घ्यायची गरज उरत नाही.

आणि शिक्षा तरी कोणती? मधली सुट्टी बंद! ज्याला हालल्याशिवाय राहवत नाही, त्याचं हालणंच काढून घ्यायचं. पी.टी.चा तास गणिताला द्यायचा तो वेगळाच. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९ सालीच बंदी घातली. छडी बऱ्याच ठिकाणी गेली. चारचौघांत पाणउतारा मात्र तसाच चालू आहे.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं,’ असं पालकसभेत कुणीतरी म्हणतंच. होतं हो. ती मुलं शेवटच्या बाकावर बसायची आणि पुढे शाळेत दिसेनाशी व्हायची.

याचा अर्थ प्रत्येक चुळबुळ्या मुलाला निदान चिकटवा, असा नाही. कान आणि डोळे आधी तपासून घ्या. पोटभर झोप होते का, घरी काही घडलंय का, ते विचारा. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेच २०१२ साली बजावलं होतं, की निरोपांच्या जुळणीतली ही गडबड एक स्वतंत्र आजार म्हणून मुलाच्या माथी मारू नका. अशा त्रासाच्या मागे स्वमग्नता किंवा अवधानाची अडचणही असू शकते. एअर्सबाईंच्या उपचारपद्धतीबद्दलही मतभेद आहेत. तेव्हा वजनदार जाकीट अंगात घातलं की मूल सुधारेल, असं कुणी सांगितलं तर पाकीट आवरा. पण निदान हातात पडेपर्यंत थांबायचं कशाला? कानावर हात ठेवलेली मुलगी समोर दिसत असताना भोंग्याचा आवाज कमी करायला कुणाचं प्रमाणपत्र लागतं?

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कोसबाडला मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली. आपल्याला बाक खिडकीपासून दोन हात सरकवायचा आहे, एवढंच. बाकाच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली की पायांना खेळायला जागा मिळते आणि शेजारच्याला लाथ बसत नाही. वह्यांचा गठ्ठा उचलून न्यायला वळवळ्यालाच सांगा. उभं राहून लिहितो म्हणाला तर भिंतीशी उभा राहू द्या. अक्षर पाहा, पाय पाहू नका. मानेवरची चिठ्ठी घरी उसवता येते. ‘एकाचे लाड केले तर सगळे मागतील,’ ही धास्ती मलाही होती. ट्यूब बांधली तेव्हा पहिले दोन दिवस सगळ्यांनाच हवी होती. तिसऱ्या दिवशी ज्याला तिची गरज होती तोच तिथे उरला.

घंटेलाही दचकणाऱ्या त्या मुलीला आम्ही शेवटी घंटेचंच काम दिलं. घंटा कधी वाजणार हे आता तिलाच ठाऊक असे, त्यामुळे दचकणं थांबलं. टोल मात्र इतके हळू द्यायची, की सातवीच्या वर्गाला शाळा सुटलेलीच कळेना. मग त्यांनी एका मुलाला दाराशी बसवलं, तिचा हात हलताना दिसला की ओरडायला.