व्यवसाय कोणाचा?

‘व्यवसायोपचार’ हा शब्द ज्यानें घडविला त्यानें इंग्रजी संज्ञेचें भाषांतर केलें खरें. पण मूळ संज्ञेंत नसलेला एक अर्थ त्यांत नकळत येऊन बसला. व्यवसाय म्हणजे धंदा, ही आपली रोजची समजूत. गीतेंत मात्र हा शब्द निश्चय या अर्थानें येतो. मग या उपचारांतला निश्चय कोणाचा? उपचार करणाराचा, आईबापांचा, कीं ज्याच्यावर उपचार व्हावयाचा त्याचा? चार वर्षांच्या मुलाविषयीं हा प्रश्न सहसा उठत नाहीं. सतरा वर्षांच्या मुलाविषयीं तो टाळतां येत नाहीं.

हें शास्त्र आपल्याकडे रुजविलें तें कमलाबाई निंबकर यांनीं. त्या जन्मानें अमेरिकन, विवाहानें मराठी. त्यांच्या खटपटीनें १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विषयाची शाळा निघाली, व १९५८ सालीं नागपुरास दुसरी. नकाशावर नागपूर आम्हां वऱ्हाडकरांस जवळचें. पण मेहकर तालुक्यांतल्या हिवरा आश्रमाच्या आसपासच्या खेड्यांतून तेथवर जावयाचें म्हणजे मजुरी बुडते, आणि हा उपचार एका खेपेचा नव्हे.

मेंदूच्या पक्षाघातानें जन्मापासून एक हात आखडलेला मुलगा कल्पावा. सदरा घालावयास त्याला अर्धा तास लागतो; आई तो दोन मिनिटांत चढविते. व्यवसायोपचारक त्या कामाचे तुकडे पाडतो: आखडलेला हात बाहींत आधीं, चांगला मागाहून, गुंड्या मोठ्या, चमच्याच्या दांड्यास चिंध्या गुंडाळून ती जाड करावयाची, ताट सरकूं नये म्हणून खालीं ओलें फडकें. यांत महाग असें कांहीं नाहीं. परंतु तोच मुलगा म्हणाला, “सदरा आईनेंच घालावा, तो अर्धा तास मला मित्रांशीं बोलावयास हवा,” तर? त्याला आळशी म्हणण्याची आपणांस घाई होते. आम्हां प्राध्यापकांचा फळा शिपाई पुसून ठेवतो, तेव्हां आम्हांस परावलंबी कोणी म्हणत नाहीं. स्वतः करणें आणि स्वतः ठरविणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आपल्या ‘स्वावलंबन’ या आवडत्या शब्दानें त्या एकच करून टाकल्या आहेत.

मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत अज्ञान मुलांना आपल्या तत्त्वांतून वगळलें. आमचा मुलगा नेमका त्या उंबऱ्यावर उभा आहे. माझें मत असें, कीं कोणतें काम आधीं शिकावयाचें याचा निर्णय त्याचाच असावा. मात्र ज्याचा भार दुसऱ्याच्या शरीरावर पडतो तें काम मुळींच शिकणार नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार त्याला नाहीं. सदरा त्याचा असला तरी कंबर आईची आहे, आणि ती पन्नाशीची झाली आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांस सहाव्यापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हात आखडणें कांहीं अठराव्या वाढदिवसाशीं थांबत नाहीं. ज्या दिवशीं निवड कायद्यानें त्याची होते, त्याच दिवशीं निवडण्याजोगें थोडकेंच उरतें. शाळा सुटते आणि खाट धरली जाते.

हिवरा आश्रमांत विवेकानंद जयंतीस प्रचंड पंगत बसते. शुकदास महाराजांनीं स्थापिलेल्या त्या आश्रमांत ट्रॅक्टर रांगांमधून फिरतात आणि पुरी व वांग्याची भाजी वाढली जाते. अशा पंगतींत हा मुलगा बसला तर त्याच्या पानांत पुरी आदरानें पडेल, यांत मला शंका नाहीं. पण सेवेच्या थोर कल्पनेंतही एक धोका असतो: ज्याची सेवा करावयाची तो जन्मभर जेवणाराच राहतो. गळ्यांत परडी अडकविली, रांगेचा वेग किंचित् उणा केला, तर एका हातानें पुरी वाढतां येते. त्याला वाढावेंसें वाटतें कीं नाहीं, हें मात्र आधीं त्यालाच विचारलें पाहिजे.