कुतच्या खंदकातला उपास



गेल्या एकादशीची गोष्ट. सेवेला आलेल्या एका ताईंना शुगरचा त्रास आहे. भाजी चिरताना गरगरल्यासारखं झालं म्हणून त्यांनी पिशवीतली चपाती काढून खाल्ली. आम्ही बोललो काहीच नाही, पण एकमेकींकडे बघितलं. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर त्या सेवेला आल्या नाहीत.

आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, फौजेच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. पण पहिल्या महायुद्धातली कुतची हकीकत आमच्यात फार जणींना ठाऊक नव्हती. कुत म्हणजे आजच्या इराकात, तैग्रिस नदीच्या वळणावरचं गाव. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, तब्बल १४७ दिवस त्याला तुर्कांचा वेढा होता. आत जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन, आणि तीत मराठा पलटणी. जानेवारीत पाऊस लागला, नदी फुगली, खंदकांत पाणी शिरलं. गार चिखलात उभं राहून पहारा द्यायचा. पीठ तर दिवसेंदिवस कमीच होत गेलं. शेवटी फौजेचीच घोडी-खेचरं मारून शिजवायला लागले. गोऱ्यांनी खाल्लं. आपल्या शिपायांनी, हिंदू काय नि मुसलमान काय, बहुतेकांनी नको म्हटलं. गवत-पाला खुडून त्याची भाजी केली. हिरड्या सुजून रक्त यायचं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, ती आलीही. तरी कित्येकांनी एप्रिल उजाडेपर्यंत ते मांस तोंडाला लावलं नाही.

सत्संगानंतर आम्ही यावर बोललो. आधी वाटलं, काय ही निष्ठा! आपला उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी. पण ती नुसती निष्ठा नव्हती. गावी परतल्यावर लोक वाळीत टाकतील, पोरीचं लग्न जमणार नाही, ही धास्तीही होती. म्हणजे समोर तुर्क, आणि मागे हजारो मैलांवर ओसरीत बसून बघणारे आपणच. देवासाठी जो उपाशी राहिला त्याच्यापुढे आम्ही हात जोडतो. पण आपल्या नजरेच्या भीतीने जो राहिला, त्याचा उपास कुणाच्या खात्यावर मांडायचा? यावर आमचं एकमत झालं नाही. एकजण म्हणाल्या, त्या दोघांना वेगळं ओळखणार कसं? बरोबर आहे, बाहेरून ते ओळखता येत नाही.

मंगळवारी आम्ही तिघी त्या ताईंकडे जाणार आहोत. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.